दहा दिवसांत टीम उभी करायची कशी? देशोदेशी फिरणाऱ्या फुटबॉल कोचचं काम सोप्या भाषेत

स्टीफन कॉन्स्टंटाइन हा माणूस नेपाळच्या फुटबॉल टीमचा कोच होता, भारताचा दोनदा होता आणि पाकिस्तानचासुद्धा होता. मधल्या काळात मलावी, सुदान, रवांडा असे आफ्रिकेतले देश पण झाले. लंडनमध्ये जन्मलेला, स्वतः कधी मोठ्या क्लबात न खेळलेला, आणि तरी दोन खंडांतल्या सहा देशांनी त्याला आपली राष्ट्रीय टीम सोपवली. भुसावळला रेल्वेच्या ग्राउंडवर सकाळी खेळायला येणारी पोरं मला हेच विचारतात की भाऊ, हे लोक असे देश बदलत कसे काय फिरतात, यांना बोलावतं कोण, आणि टीम हरली की सगळा राग कोचवरच का निघतो. म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं, कारण आपल्याकडे खान्देशात क्रिकेट आणि कबड्डी सगळ्यांना समजते पण फुटबॉलच्या कोचचं काम नक्की काय असतं ते फार कोणी सांगत नाही, आणि मग भारत हरला की आपण फक्त "कोच बदला" एवढंच टाइप करतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मोठा खेळाडू होता म्हणजे मोठा कोच होणार असं काही नसतं. कॉन्स्टंटाइन अमेरिकेत छोट्या छोट्या क्लबांत खेळायचा, गुडघा गेला आणि विशीतच खेळणं संपलं. मग सायप्रसला त्यानं कोचिंग सुरू केलं, तेही लहान क्लबांत. आता याच्या बाजूला इगोर श्टिमॅच ठेवा, जो २०१९ ते २०२४ भारताचा कोच होता. तो १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या डिफेन्समध्ये होता, इंग्लंडमध्ये डर्बी काउंटी आणि वेस्ट हॅमकडून खेळलेला. खेळाडू म्हणून दोघांची तुलनाच होत नाही. पण एशियन कपमध्ये कॉन्स्टंटाइनच्या टीमनं थायलंडला ४-१ नं हरवलं आणि श्टिमॅचच्या टीमला तीन मॅचमध्ये एकही गोल करता आला नाही. याचा अर्थ एक चांगला आणि एक वाईट असा मी काढत नाहीये, दोघांसमोरच्या टीम वेगळ्या होत्या, पण खेळाडूचं नाव कोचच्या कामात आपोआप उतरत नाही एवढं तरी यातून दिसतं. आपल्याच देशातलं उदाहरण घ्यायचं तर सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे शाळामास्तर. १९५१ आणि १९६२ ची एशियन गेम्सची गोल्ड आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा चौथा नंबर, हे सगळं त्यांच्या कोचिंगखाली झालं. भारतीय फुटबॉलमध्ये त्यानंतर त्या उंचीचं काही झालेलंच नाही.

मग कोच होतो कसा? लायसन्स लागतं. आशियात डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो अशा पायऱ्या आहेत, युरोपातही असंच आहे. प्रत्येक पायरीनंतर मधे काही काळ प्रत्यक्ष टीम सांभाळावी लागते, परीक्षा देऊन लगेच पुढच्या वर्गात असं चालत नाही. राष्ट्रीय टीम किंवा देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमधली टीम हवी असेल तर प्रो लायसन्स मागतात. कॉन्स्टंटाइनकडे ते होतं, शिवाय तो फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, इन्स्ट्रक्टर म्हणून इतर कोचना शिकवायलाही जायचा. छोट्या देशांच्या फेडरेशनला, म्हणजे फुटबॉल संघटनेला, असा माणूस सोयीचा पडतो, कारण कागद पूर्ण असतात, परक्या देशात राहायची सवय असते, आणि अजून एक कारण आहे जे कोणी उघड बोलत नाही. परदेशी माणूस कुठल्या राज्याचा, कुठल्या क्लबचा, कुठल्या गटाचा नसतो. देशातलाच कोच नेमला की पहिल्या टीमची यादी लागली रे लागली की लोक विचारतात की अमुक राज्याचे एवढे कसे. बाहेरच्यावर हा आरोप करायला जरा वेळ लागतो.

आता मुख्य गोष्ट, जी समजली की बाकीचं आपोआप समजतं. क्लबचा कोच आणि देशाचा कोच ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. क्लबच्या कोचला खेळाडू रोज मिळतात, कोणी कमी पडत असेल तर मालकाला सांगून नवीन विकत घेता येतो. देशाच्या कोचला विकत घेणं नाहीच, आणि रोज मिळणं पण नाही. फिफानं वर्षात ठराविक तारखा ठरवल्यात, साधारण मार्च, जून, सप्टेंबर-ऑक्टोबर, नोव्हेंबर, तेवढ्याच दिवसांत क्लबनं खेळाडू सोडायचं बंधन असतं. एक खिडकी साधारण नऊ-दहा दिवसांची, त्यात दोन मॅच, त्यात प्रवास, पहिला दिवस थकवा उतरवण्यात, मॅचच्या आदल्या दिवशी हलकं ट्रेनिंग. म्हणजे खरं शिकवायला हातात उरतात तीन-चार सेशन! आपल्याकडे लग्नाला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी करायला आचारी बोलावतात ना, त्याच्यासारखं आहे हे, वांगी त्यानं पिकवलेली नसतात, बाजारातून जी आली ती आली, आणि दुपारी पंगत बसायच्या आत भाजी झाली पाहिजे. वांगी आधीच कोणीतरी कुठंतरी पिकवलेली असतात, शाळेत, अकॅडमीत, गल्लीत, क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये, दहा-बारा वर्षं आधी. देशाचा कोच खेळाडू घडवत नाही, तो निवडतो आणि बसवतो.

आणि म्हणूनच देशोदेशी फिरणारे कोच बहुतेक सारखंच खेळतात. कॉन्स्टंटाइनवर आपल्याकडे कायम टीका व्हायची की हा ४-४-२ लावतो, लांब बॉल मारतो, बघायला मजा येत नाही. मला पण बघताना काही मॅच जड गेल्या हे खरंय. पण ४-४-२ म्हणजे काय ते बघा, मागे चार, मधे चार, अशा दोन रांगा आणि पुढे दोघं. प्रत्येक खेळाडूच्या बाजूला कोण, मागे कोण हे कायम ठरलेलं असतं, बॉल उजवीकडे गेला की दोन्ही रांगा उजवीकडे सरकायच्या, मधलं अंतर वाढू द्यायचं नाही. हे तीन-चार सेशनमध्ये शिकवता येतं. छोटे छोटे पास देत मागून बॉल बाहेर काढायचा, समोरच्यांना वर खेचायचं आणि मोकळ्या जागेत घुसायचं हे शिकवायला महिने लागतात, आणि एक जण जरी चुकला तर बॉल सरळ आपल्या गोलसमोर. त्यामुळे वेळ कमी असला की कोच आधी डिफेन्स घट्ट करतो, मग सेट पीस म्हणजे कॉर्नर आणि फ्री किक घोटून घेतो, कारण तिथे बॉल थांबलेला असतो आणि ठरवलेलं तसंच्या तसं करता येतं. बाकी फिटनेस. फिटनेसवर त्याचा जोर फार, जो पळत नाही तो नावाने कितीही मोठा असला तरी बाहेर, हे त्याचं सगळीकडे एकच.

त्याचा प्रवास १९९९ मध्ये नेपाळपासून सुरू होतो. त्याच वर्षी काठमांडूला दक्षिण आशियाई स्पर्धा होती, नेपाळ फायनलला गेला आणि बांगलादेशकडून हरला, सिल्व्हर मिळालं. २००२ मध्ये भारतानं बोलावलं. व्हिएतनाममधला एलजी कप जिंकला, २००३ मध्ये हैदराबादच्या आफ्रो-एशियन गेम्समध्ये सिल्व्हर आणलं. मग मलावी आणि सुदान, तिथे फार काही हाती लागलं नाही.

रवांडाचं मात्र सविस्तर सांगायला पाहिजे. २०१४ मध्ये तो तिथे गेला, आफ्रिका कपची क्वालिफिकेशन चालू होती. पहिली मॅच काँगोच्या घरी २-० नं हरले, परतीची आपल्या घरी २-० नं जिंकले, दोन्ही मिळून बरोबरी झाली म्हणून पेनल्टी मारल्या आणि त्यावर पुढे गेले. कोचसाठी याच्याइतकं चांगलं काम नाही, बाहेर दोन गोल खाऊन आलेल्या टीमला आठवड्या-दोन आठवड्यांत परत उभं करायचं. आणि मग आफ्रिकन फेडरेशननं रवांडाला स्पर्धेतूनच काढून टाकलं, कारण टीममधला एक खेळाडू दोन वेगवेगळ्या देशांत दोन वेगवेगळ्या नावांनी आणि जन्मतारखांनी खेळत होता. मैदानावर जिंकलेलं सगळं कागदावर गेलं. आपल्याकडे शालेय स्पर्धांमध्ये वयाचे दाखले फिरवणारे लोक बघितलेत म्हणून हे वाचून जास्त लागतं. पोरांनी मेहनत करायची आणि मोठ्या माणसांनी एका कागदासाठी ती मातीत घालायची.

२०१५ च्या सुरुवातीला भारतानं त्याला परत बोलावलं आणि इथून पुढची चार वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. तेव्हा भारत फिफा रँकिंगमध्ये १७० च्या पुढे होता, मार्च २०१५ मध्ये तर १७३ वर गेला, आपल्या इतिहासातला सगळ्यात खालचा नंबर. त्याच वर्षी जूनमध्ये वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये, म्हणजे स्पर्धेत जागा मिळवायच्या मॅचमध्ये, आपण ग्वामकडून २-१ नं हरलो. ग्वाम म्हणजे पॅसिफिकमधलं एक बेट, आपल्या भुसावळ-जळगाववाल्या लोकसंख्येपेक्षा कमी माणसं तिथे. त्या दिवशी लोकांनी काय काय लिहिलं ते आठवत असेल तुम्हाला. पण त्यानं एक गोष्ट चालू ठेवली, जुन्या नावांना बाजूला करून तरुण पोरांना आणायचं. संदेश झिंगन मार्च २०१५ मध्ये नेपाळविरुद्ध पहिल्यांदा खेळला, पुढे तोच डिफेन्सचा खांब झाला. गुरप्रीत, जेजे, अनिरुद्ध थापा, उदांता ही सगळी पोरं याच काळात टीममध्ये पक्की झाली.

आणि मग जुलै २०१७ मध्ये भारत ९६ वर पोचला. १७३ वरून ९६. हे कसं झालं ते नीट समजून घेऊ, कारण इथे दोन टोकाची मतं ऐकू येतात, एक म्हणतात जादू केली, दुसरे म्हणतात सोप्या टीमशी मॅच ठेवून आकडे फिरवले. खरं काय ते गणितात आहे.

तेव्हाचा नियम असा होता. मॅच जिंकली तर ३, ड्रॉ झाली तर १, हरली तर ०. त्याला मॅचच्या महत्त्वानं गुणायचं, फ्रेंडली म्हणजे कुठल्या स्पर्धेतली नसलेली असेल तर १, क्वालिफायर असेल तर २.५. मग समोरच्या टीमच्या ताकदीनं गुणायचं, म्हणजे २०० मधून त्यांचा रँक वजा करायचा, पण १५० च्या खालच्या सगळ्या टीमना सरसकट ५० धरायचं. खंडाचा पण एक छोटा गुणक होता, तो सोडून देऊ. आता बघा, सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबईला अंधेरीत आपण पोर्तो रिकोला ४-१ नं हरवलं, ते तेव्हा ११४ वर होते. ३ गुणिले १ गुणिले ८६, झाले २५८. आणि मार्च २०१७ मध्ये म्यानमारला त्यांच्या घरी १-० नं हरवलं, आपल्या सुनील छेत्रीनं अगदी शेवटच्या मिनिटांत गोल केला, तिथे आपण ६४ वर्षांनी जिंकलो. म्यानमार १५० च्या खालीच, पण मॅच एशियन कप क्वालिफायरची. ३ गुणिले २.५ गुणिले ५०, झाले ३७५. म्हणजे तगड्या टीमविरुद्धच्या फ्रेंडलीपेक्षा कमजोर टीमविरुद्धचा क्वालिफायर जास्त देऊन गेला.

अजून एक भाग आहे. हे सगळं चार वर्षांच्या सरासरीवर चालायचं, मागच्या १२ महिन्यांचं पूर्ण धरायचं, त्याच्या आधीच्या वर्षाचं ५० टक्के, त्याच्या आधीचं ३०, त्याच्या आधीचं २०. त्यामुळे २०१५ मधले पराभव जसजसे जुने होत गेले तसतसे ते हलके होत गेले आणि नवीन विजय जड होत गेले. सरासरी असल्यामुळे बिनकामाच्या फ्रेंडली जास्त खेळल्या तर आकडा खालीसुद्धा यायचा, म्हणून कुठली मॅच घ्यायची आणि कुठली टाळायची हेसुद्धा कोचच्या आणि फेडरेशनच्या डोक्याचं काम होतं. तर गणिताचा फायदा झाला हे खरं, पण गणितात टाकायला विजय लागतात आणि ते मैदानात मिळवावे लागतात भो. २०१६ पासून मार्च २०१८ पर्यंत सलग १३ मॅच हरलो नाही, ती मालिका किर्गिझस्तानला जाऊन तुटली. ऑगस्ट २०१८ पासून फिफानं नियमच बदलला, आता सरासरी नाही, प्रत्येक मॅचनंतर बुद्धिबळातल्या रेटिंगसारखे पॉइंट वाढतात किंवा कमी होतात, त्यामुळे तेव्हाच्या ९६ ची आजच्या नंबराशी सरळ तुलना करू नका.

जून २०१८ मध्ये मुंबईला इंटरकॉन्टिनेंटल कप झाला. पहिल्या मॅचला स्टेडियम रिकामं होतं, मग सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकून लोकांना हात जोडले की आम्हाला शिव्या द्या पण स्टेडियममध्ये या. पुढच्या मॅचची तिकिटं संपली. आपल्याकडून पण पोरं रात्रीच्या गाडीनं भुसावळहून दादरला गेली होती, जनरलच्या डब्यात उभ्यानं, आणि फायनलला केनियाला २-० नं हरवल्यावर तशीच उभ्यानं परत आली. असं फुटबॉलसाठी आपल्या भागातून कोणी जातं हे बघूनच मला भरून आलं होतं.

मग जानेवारी २०१९, यूएईमध्ये एशियन कप. ६ जानेवारीला अबू धाबीत थायलंडला ४-१ नं हरवलं, छेत्रीचे दोन, एक थापाचा, एक जेजेचा. एशियन कपमध्ये १९६४ नंतरचा आपला हा पहिला विजय. यूएईकडून २-० नं हरलो, पण त्या मॅचमध्ये बॉल दोनदा गोलच्या बारला लागला होता. तिसरी मॅच बहारीनशी, ड्रॉ केली असती तरी पुढे जात होतो. ९० मिनिटं डिफेन्स टिकला आणि अगदी शेवटी आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली गेली, ०-१. ग्रुपमध्ये चौथ्या नंबरवर, बाहेर. त्याच रात्री कॉन्स्टंटाइननं राजीनामा दिला. चार वर्षांचं काम आणि शेवट एका टॅकलवर. माझं मत विचाराल तर त्या मॅचमध्ये आपण फार मागे बसलो, ड्रॉ पुरेसा आहे हे डोक्यात बसलं की टीम हळूहळू स्वतःच्या गोलकडे सरकत जाते आणि मग शेवटच्या दहा मिनिटांत बॉक्समध्ये एवढी गर्दी होते की कोणाचा ना कोणाचा पाय चुकतोच. ती जबाबदारी कोचचीच होती.

पण याच स्पर्धेत दुसऱ्या बाजूला काय झालं ते पण बघा. थायलंडचा कोच मिलोवान रायेवाच, सर्बियाचा. हाच माणूस २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये घानाला क्वार्टर फायनलपर्यंत घेऊन गेला होता, उरुग्वेविरुद्धची ती मॅच, ज्यात सुआरेझनं हातानं बॉल अडवला आणि शेवटच्या क्षणी घानाची पेनल्टी हुकली, एवढंसं अंतर राहिलं नाहीतर आफ्रिकेची पहिली टीम सेमी फायनलला होती. त्याला भारताकडून हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी थायलंडनं काढून टाकलं. स्पर्धा चालू, अजून दोन मॅच बाकी, आणि कोच विमानतळावर. रायेवाच २०१० ला हुशार होता आणि २०१९ ला बिनडोक झाला असं कसं होईल? घानाकडे २००९ ला २० वर्षांखालचा वर्ल्ड कप जिंकलेली पोरं होती, ती कोणीतरी आधी घडवली होती. हाताशी काय आहे त्यावर सगळं.

कॉन्ट्रॅक्ट साधारण दोन-तीन वर्षांचं असतं, त्यात टार्गेट लिहिलेलं असतं, अमुक स्पर्धेला क्वालिफाय करा वगैरे. मुदतीआधी काढलं तर फेडरेशनला नुकसानभरपाई द्यावी लागते, भांडण झालं तर कोच फिफाकडे जाऊ शकतो आणि तिथून पुढे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाकडे. २०२४ मध्ये श्टिमॅचला काढल्यावर आपल्या फेडरेशनबरोबर असाच वाद झाला आणि शेवटी पैसे देऊन मिटला. गरीब फेडरेशनला हा खर्च परवडत नाही, तरी कोच बदलणं सोपं वाटतं कारण २३ खेळाडू बदलता येत नाहीत आणि ज्युनिअर लीग सुरू करायला दहा वर्षं लागतात.

या फिरस्त्या कोच मंडळींचा दादा माणूस म्हणजे बोरा मिलुटिनोविच. हा पण सर्बियाचा. पाच वेगवेगळ्या देशांना घेऊन पाच सलग वर्ल्ड कप गाठणारा पहिला कोच. १९८६ ला मेक्सिको क्वार्टर फायनल, तिथे पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरले. १९९० ला कोस्टा रिका, त्यांचा पहिलाच वर्ल्ड कप, बोरा आला स्पर्धेच्या काही महिने आधी, स्कॉटलंड आणि स्वीडनला हरवून पुढच्या फेरीत. १९९४ अमेरिका, १९९८ नायजेरिया जे स्पेनला ३-२ नं हरवून गेले, आणि २००२ ला चीन.

यातलं अमेरिकेचं उदाहरण मला फार आवडतं. तेव्हा अमेरिकेत मोठी व्यावसायिक लीगच नव्हती, ती १९९६ ला सुरू झाली. खेळाडूंना क्लब नाहीत म्हणजे टीम कमजोर असणार असं कोणालाही वाटेल. पण फेडरेशननं बऱ्याच खेळाडूंना थेट स्वतःच्या पगारावर घेतलं आणि कॅलिफोर्नियात मिशन व्हिएहो नावाच्या गावी कायमचा कॅम्प लावला. म्हणजे देशाच्या कोचला जे कधीच मिळत नाही ते बोराला मिळालं, रोजचे खेळाडू. त्या टीमनं वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाला २-१ नं हरवलं, जी टीम तेव्हा खूप जणांची फेव्हरेट होती, आणि दुसऱ्या फेरीत ब्राझीलसमोर फक्त ०-१ नं हरली, आणि ब्राझील पुढे वर्ल्ड कप जिंकला. वेळ मिळाला की काय होतं त्याचं हे उत्तर. उलट २००२ ला चीनला त्याच बोरानं पहिल्यांदा वर्ल्ड कपला नेलं, सगळा देश रस्त्यावर आला होता, आणि तिथे तीन मॅच, तीन पराभव, शून्य गोल, नऊ खाल्ले. त्यानंतर चीन आजपर्यंत परत क्वालिफाय झालेला नाही. बोरानं एक दार उघडून दिलं, त्याच्या मागे खेळाडूंची पुढची पिढी आली नाही.

आता परत कॉन्स्टंटाइनकडे, कारण पाकिस्तानचा भाग राहिला. २०२३ मध्ये तो तिथे गेला. पाकिस्तानची फेडरेशन फिफानं पुन्हा पुन्हा सस्पेंड केलेली, २०२१ ते २०२२ तर टीम कुठे खेळूच शकत नव्हती. त्याच्या हातात आले थोडेच दिवस, समोर कंबोडिया. तिकडे जाऊन ०-०, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्लामाबादला १-०. वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये पाकिस्तानचा इतिहासातला हा पहिला विजय. गोल केला हारून हमीदनं, जो इंग्लंडमध्ये वाढलेला. आणि इथेच भारत आणि पाकिस्तानमधला एक मोठा फरक दिसतो. पाकिस्तान काही देशांबरोबर दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो, त्यामुळे इंग्लंड, डेन्मार्कमधल्या अकॅडमीत तयार झालेली पाकिस्तानी घरातली पोरं टीमला मिळतात. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, भारतीय पासपोर्ट असेल तरच देशाकडून खेळता येतं. इझुमी अराता नावाचा जपानमध्ये जन्मलेला खेळाडू पुणे एफसीकडून खेळायचा, त्यानं जपानचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला आणि मग २०१३ मध्ये भारताकडून खेळला, पण असं करणारे अगदी हाताच्या बोटावर. मग तोच कोच एका देशात परदेशी अकॅडमीतली पोरं घेऊन जिंकतो आणि दुसऱ्या देशात त्याला घरातलीच निवडावी लागतात. पुढच्या फेरीत सौदी, जॉर्डन, ताजिकिस्तान आले तेव्हा पाकिस्तान सहाच्या सहा मॅच हरला हेही सांगितलं पाहिजे. बाहेरून आलेली चार-पाच पोरं एक दार उघडतात, पूर्ण घर त्यांच्यावर उभं राहत नाही.

ऑगस्ट २०२५ पासून भारताचे कोच खालिद जमील आहेत, बऱ्याच वर्षांनी आपल्या देशातला माणूस. मुंबईत महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी असं खेळले, मग मुंबई एफसीचेच कोच झाले, आणि २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग, म्हणजे देशातली क्लबांची लीग, जिंकून दिली, जी टीम त्या सीझनला लीगमध्ये असणार की नाही हेच ठरलेलं नव्हतं. भारताचं काम हातात घेतल्यावर महिन्याभरातच मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरा नंबर आणला, ओमानला पेनल्टीवर हरवून. आणि लगेच ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ नं हरून एशियन कपची वाट बंद झाली. कॅम्पला क्लबनी खेळाडू उशिरा सोडले, लीग कधी सुरू होणार तेच कोणाला माहीत नव्हतं, अशा काळात. देशातला कोच असो की बाहेरचा, बाजारातून जी वांगी येणार ती बदलत नाहीत.

शेवटी ज्या पोरांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी. कोच व्हायचं असेल तर मोठ्या क्लबात खेळलेलं असायची गरज नाही. १८ वर्षं पूर्ण झाली की डी लायसन्सचा कोर्स करता येतो, महाराष्ट्रात ते वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडून, म्हणजे विफाकडून होतात. आपल्या भागातून गेलेल्यांना मुंबई-पुण्याकडे राहायची सोय करावी लागते, तो खर्च आधी धरून ठेवा. कोर्समध्ये वर्गातलं शिकवणं कमी आणि मैदानावरचं जास्त असतं, तुम्हाला एक विषय देतात, समजा डिफेन्समध्ये रांग कशी धरायची, आणि इन्स्ट्रक्टरसमोर सेशन घेऊन दाखवायला लावतात. बहुतेक पोरं इथेच अडकतात, स्वतःला खेळता येतं पण दुसऱ्याला थांबवून दोन वाक्यांत सांगता येत नाही. त्याची तयारी इथे जळगावला, भुसावळला, धरणगावला, कुठेही होते. गल्लीतली दहा-बारा वर्षांची पोरं गोळा करा, उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत, कारण आठनंतर आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको, आणि एका वेळी एकच गोष्ट शिकवा. एक शिट्टी, दोन बॉल आणि मैदानावर खुणेसाठी ठेवायचे कोन नसतील तर पाण्याच्या बाटल्या, एवढ्यावर सुरू होतं.